घरगुती युक्त्या : त्यांचे कारण आणि त्यांची मर्यादा

आपल्या वेल्हे भागातील बहुसंख्य प्राथमिक शाळा लहान आहेत. एका खोलीत दोन-तीन इयत्ता, एक किंवा दोन शिक्षक, आणि विज्ञानाचे साहित्य म्हणजे पुष्कळदा कपाटातील एक भिंग व एक लोहचुंबक. अशा शाळेत ‘प्रयोग करून दाखवा’ ही पाठ्यपुस्तकातील सूचना वाचून शिक्षकास हसू आले, तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु प्रत्येक मुलाच्या घरी एक प्रयोगशाळा आहे आणि ती दिवसातून दोन वेळा पेटते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. आंबवणे, उकळणे, विरजणे, वाळवणे, निवळणे, गाळणे ह्या सर्व क्रिया मूल तेथे रोज पाहत असते. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मूलोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याचा जो विचार मांडला गेला, त्यात सूतकताईला मानाचे स्थान मिळाले. स्वयंपाकघराकडे मात्र आपण शिक्षकांनी पुरेसे पाहिले नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे.

चिंचेने पितळ उजळते, राखेत ठेवलेल्या वालाला भुंगा लागत नाही, ताक पितळेत ठेवू नये, गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी, अशा शेकडो युक्त्या आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. पूर्वी त्या सासूकडून सुनेकडे जात. आता त्या भ्रमणध्वनीवरून येतात आणि एका दिवसात दहा येतात. त्यांपैकी काही अनुभवाच्या कसास उतरलेल्या आहेत, काही निरुपयोगी पण निरुपद्रवी आहेत, आणि काही थेट जिवावर बेतणाऱ्या आहेत. तिन्ही प्रकार एकाच ठाम सुरात सांगितले जातात, ही खरी अडचण होय. गावातील शिकलेले माणूस म्हणून पालक शेवटी शिक्षकालाच विचारतात, ‘गुरुजी, हे खरे का?’ अशा वेळी उपयोगी पडते ते युक्तीचे कारण. कारण ठाऊक असले म्हणजे युक्ती कोठवर चालेल आणि कोठे थांबेल हेही सांगता येते. प्रस्तुत लेखात युक्त्यांची जंत्री द्यावयाची नाही. थोड्याच घ्यावयाच्या, पण त्यांच्या मुळाशी जावयाचे, एवढाच हेतू आहे.

प्रथम पितळेच्या भांड्याचीच गोष्ट घेऊ. पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. हवेत राहिल्याने त्याच्या पृष्ठभागावर काळपट थर चढतो. चिंचेत टार्टारिक आम्ल असते, ते हा थर विरघळविते, आणि जोडीला मीठ चोळल्यास काम लवकर होते. येथवर युक्ती बरोबर आहे. परंतु कित्येक घरांतून चिंच आणि राख एकदमच चोळतात. राख ही आम्लारी आहे. ती चिंचेतील आम्ल मारून टाकते आणि मग राखेचे खरखरीतपण तेवढे कामास येते. सबब चिंचेने आधी घासावे, धुवावे, राख पाहिजे तर मागाहून वापरावी, आणि भांडे कोरडे पुसावे. ओले व आंबट राहिलेले भांडे दुसऱ्या दिवशी हिरवे पडलेले दिसते.

हे वर्गात दाखविण्यास पैशाचाही खर्च नाही. चिमूटभर हळद पाण्यात कालवून कोऱ्या कागदाला लावावी व कागद सावलीत वाळू द्यावा. त्यावर साबणाचे पाणी, चुन्याची निवळी किंवा राखेचे पाणी यांचा थेंब टाकला की पिवळा रंग तांबडा होतो. त्यावर लिंबाचा रस पिळला की पुन्हा पिवळा होतो. हळदीच्या डागाला साबण लावताच तो लाल का होतो, हे प्रत्येक मुलीने घरी धुणे धुताना पाहिलेले असते. कारण विचारणारे कोणी भेटलेले नसते, इतकेच. ह्या एका कागदावर आम्ल, आम्लारी आणि दर्शक हे तिन्ही शब्द मुलांना परके वाटेनासे होतात.

आता ताकाकडे वळू. कल्हई गेलेल्या पितळेत ताक, कढी किंवा आमटी ठेवली तर ती कळकते, हे आपल्याकडील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. कळकणे हा शब्दच मोठा अर्थपूर्ण आहे. आंबट पदार्थातील आम्ल भांड्यातील तांबे विरघळवून घेते, पदार्थाला कडवट-तुरट चव येते, रंग हिरवट होतो, आणि तो पोटात गेल्यास मळमळ व वांती होते. यावर उपाय म्हणून कल्हई. कल्हईवाला भांडे तापवितो, त्यावर नवसागर टाकून पांढरा धूर निघेतोवर चोळतो, त्यायोगे धातूवरील मळ सुटतो, आणि मग कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथील आतून सर्वत्र पसरतो. कथील २३२ अंश सेल्सियसलाच वितळते, म्हणून हे काम साध्या भात्याच्या भट्टीवर होऊ शकते. पण त्याच कारणाने कल्हईचे भांडे रिकामे विस्तवावर राहू देऊ नये. आत पाणी वा अन्न असेतोवर कल्हई सुरक्षित असते, कोरडे तापले की ती सुटते. तळाशी पिवळे दिसू लागले की कल्हई संपली असे समजावे. कथिलात शिसे मिसळण्याची लबाडीही होऊ शकते, आणि शिसे हे लहान मुलांच्या मेंदूला घातक असे विष आहे. म्हणून कल्हई ओळखीच्या माणसाकडूनच करून घ्यावी.

येथे युक्तीची मर्यादा लागते, आणि ती कोणाच्या ध्यानात न आल्यामुळे आपल्याच पुणे जिल्ह्यात, तसाच देशात अन्यत्र, पुष्कळ मुलांचा बळी गेला आहे. ताकाच्या बाबतीत जीभ सावध करते. दूध आंबट नाही. ते कळकत नाही, त्याचा रंग पालटत नाही, चव बदलत नाही. म्हणून गायीम्हशीचे दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापविण्यास आणि तेथेच ठेवण्यास कोणाची हरकत नसे. परंतु दुधातील प्रथिने तांबे आपल्याशी बांधून घेतात. मोठ्या माणसाचे यकृत ते बाहेर टाकते, तान्ह्या मुलाच्या यकृतात मात्र ते साठत राहते. एक ते तीन वर्षांच्या मुलांचे पोट फुगते, यकृत दगडासारखे कठीण होते, कावीळ दिसू लागते आणि मूल दगावते, असा एक विकार भारतातील वैद्यांना फार दिवस ठाऊक होता. इंग्रजी वैद्यकात त्याला ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ असे नाव पडले. एकाच घरात एकापाठोपाठ दोन-दोन मुले त्याने जात, त्यामुळे तो रक्तातूनच येतो असे पुष्कळांना वाटे, आणि घरोघरी त्याला नशिबाचा किंवा दृष्टीचा बोल लावला जाई.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह अशा मुलांच्या आहाराची चौकशी केली. आजारी मुलांना आईच्या दुधाऐवजी किंवा त्याच्या जोडीला फार लवकर वरचे दूध सुरू झाले होते, आणि ते दूध पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापविले जात होते, असे आढळले. हा निष्कर्ष १९८३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे आजारी व निरोगी मुलांच्या जोड्या लावून केलेल्या तुलनेतही तेच दिसले. त्यानंतर भांडी बदलली, पोलादी व ॲल्युमिनियमची पातेली घरोघरी आली, आणि हा रोग इतका मागे हटला की आज तरुण डॉक्टरांना तो बहुधा पुस्तकातच भेटतो. एकाच घरातील मुले का जात, याचाही उलगडा झाला. घरात पातेले तेच राहत होते.

हे विस्ताराने सांगण्यास कारण आहे. हल्ली जुनी पितळी भांडी माळ्यावरून खाली येऊ लागली आहेत. ती आरोग्यास हितकर असल्याचे संदेश भ्रमणध्वनीवर फिरतात, शहरात ती महाग दराने विकली जातात, आणि गावातील तरुण आईच्याही ती वाचनात येतात. भाताला वा डाळीला नीट कल्हई केलेले पातेले असेल तर त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. परंतु तान्ह्या मुलाच्या दुधाला पितळ व तांबे कदापि नको, आणि पहिले सहा महिने तर आईच्या दुधाखेरीज काहीच नको, हे शिक्षकाने पालकसभेत व अंगणवाडीच्या ताईंच्या साहाय्याने स्पष्ट सांगावे. ज्या आजीने नातवाला याच भांड्यातले दूध मोठ्या मायेने पाजले, तिचा शब्दानेही अधिक्षेप होऊ देऊ नये. तिला जिभेने सावध केले नाही, आणि जिभेखेरीज दुसरे साधन त्या काळी तिच्यापाशी नव्हते.

मग तांब्याच्या हंड्यातील पाण्याचे काय, असा प्रश्न निश्चित येईल. साधे पाणी आंबट नसते व त्यात दुधासारखी प्रथिनेही नसतात, म्हणून त्यात उतरणारे तांबे अत्यल्प असते, आणि तेवढ्यानेही रात्रभरात काही रोगजंतू मरतात, हे प्रयोगशाळेतील तपासण्यांत दिसून आले आहे. येथे जुनी समजूत खरी ठरली. मात्र ते पाणी मुळात स्वच्छ व भांडे आतून घासलेले हवे. आषाढात ओढ्याचे तांबूस पाणी हंड्यात भरून ‘तांबे आहे, मारील जंतू’ म्हणून निर्धास्त राहणे योग्य नव्हे. त्या हंड्यात लिंबाचे किंवा कोकमाचे सरबत करू नये, हे आता निराळे सांगावयास नको.

गढूळ पाण्यात तुरटी फिरविली की मातीचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून जड होतात व तळाशी बसतात. पाणी नितळ दिसते. नितळ दिसणे आणि निर्जंतुक असणे यांत पुष्कळ अंतर आहे. तुरटीने काही जंतू गाळाबरोबर खाली जातात, सर्व जात नाहीत. फडक्याने गाळण्याचेही असेच आहे. घडी घातलेल्या फडक्यातून पाणी गाळण्याच्या सवयीने नारू हटविण्यास मोठा हातभार लावला, कारण नारूचे बीज ज्या बारीक जलकीटकातून पोटात जाते तो कीटक कापडात अडकतो. २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला. बांगलादेशातील खेड्यांत जुनी सुती साडी चार वेळा दुमडून तिच्यातून पाणी गाळावयास लावले, तेव्हा पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. साडी जुनी हवी, याचेही कारण आहे. पुष्कळदा धुतल्याने सुताचे तंतू फुलतात व वीण दाट होते. आपल्याकडच्या जुन्या लुगड्याचा हा गुण मुलांना भिंगाखाली दाखविता येईल. कपाटातील भिंगास तेवढेच काम! परंतु विषमज्वराचा किंवा काविळीचा जंतू एवढा सूक्ष्म असतो की लुगड्याच्या कितीही घड्यांतून तो निसटतो. त्याला उकळणेच हवे. आधी गाळावे, मग पाण्याला खळखळून उकळी आणावी, आणि झाकण ठेवून त्याच भांड्यात निवू द्यावे.

पाण्यावरून हगवणीची आठवण होते. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात विरघळवून ते पिंपांतून भरून ठेवले आणि नातेवाइकांकरवी रोग्यांना पाजविले. शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण ४ च्याही खाली आले. मर्म असे की आतड्यात साखर व मीठ एकत्र आत शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. नुसते पाणी पाजले तर ते टिकत नाही. आशाताईंपाशी जलसंजीवनीची पुडी असते, ती प्रथम पसंत करावी. ती हाताशी नसेल तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. ह्या मापात हात सैल सोडू नये, मीठ अधिक झाल्यास मुलाला अपाय होतो. पाणी अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. आपल्या भातखाऊ मुलखात आजारी माणसाला मीठ घालून पेज देण्याची जी चाल आहे, तिच्यातही हेच तत्त्व आहे, कारण भातातील पिष्टाची आतड्यात साखरच होते. मात्र मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा शौचात रक्त दिसले तर घरी न थांबता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

आता आपल्या भागातील सर्वांत मोठा प्रश्न, म्हणजे पावसाळ्यात धान्य टिकविणे. राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी जो पाऊस पडतो त्याचे वर्णन शिक्षकांपुढे करण्याची गरज नाही. मृगापासून पुढे भिंती ओल धरतात, मिठाला पाणी सुटते, काड्यापेटी पेटत नाही. मिठाच्या बरणीत तांदळाचे चार दाणे टाकतात ते ओल शोषून घेण्यासाठी, आणि तेथे ते काम करतात. कणगीभर भाताची ओल मात्र कोण शोषणार?

कीड कशी लागते हे आधी समजून घ्यावे. तांदळातील सोंडकिड्याची मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत अंडे घालते आणि चिकट द्रवाने भोक बुजविते. अळी आतल्या आत दाणा पोखरून महिन्याभराने किडा होऊन बाहेर पडते. कडधान्यावरील भुंगेऱ्याची रीत वेगळी आहे. त्याची मादी अंडे दाण्याच्या बाहेरच्या सालीवर चिकटविते. मुगाच्या किंवा चवळीच्या दाण्यावर पांढरे ठिपके दिसतात ती हीच अंडी. एवढा फरक कळला की कोणती युक्ती कोठे लागू पडेल हे आपोआप उमगते. कडधान्याला एरंडेल चोळतात. किलोला चहाचा एक चमचा तेल पुरे. तेलाचा पातळ थर सालीवर बसला की अंडे नीट चिकटत नाही, आणि चिकटले तरी त्याचा श्वास कोंडतो. म्हणून ही युक्ती कडधान्याला उत्तम. तांदळात अंडी आतच शिरलेली असली तर वरून लावलेले तेल त्यांच्यापर्यंत पोहोचणार कसे? तेथे तेल लावावयाचे तर कीड दिसण्यापूर्वी, धान्य नवे असताना.

तांदळाला खरे संरक्षण त्याच्या तुसाचे. आपल्याकडील वडीलधारी माणसे भात कणगीत तसेच ठेवीत आणि लागेल तसे कांडून घेत. सोंडकिड्याला अखंड तूस भेदणे जड जाते. हल्ली वर्षाचे भात एकदम गिरणीवर भरडून आणतात आणि मग तांदळाला कीड लागली म्हणून औषधे शोधतात. ज्यांच्या घरी स्वतःचे भात आहे त्यांनी ते भातरूपानेच ठेवून दोन-तीन महिन्यांच्या बेताने भरडावे, यापरती स्वस्त युक्ती मला माहीत नाही.

राखेचा उपयोग बियाण्याच्या वालाला व घेवड्याला आपल्याकडे पूर्वापार होत आला आहे. राखेचे कण किड्याच्या अंगावरील मेणचट आवरण खरवडतात, त्याच्या शरीरातील पाणी उडून जाते व तो सुकून मरतो. शिवाय दाण्यांमधील फटी भरल्याने त्याला फिरता येत नाही. भाताच्या तुसाची राख ह्या कामी विशेष चांगली, कारण तिच्यात वाळूतील सिलिका हाच पदार्थ मुख्यत्वे असतो. तीच राख राखुंडी म्हणून दातांना लावणे का वाईट, हेही ह्यावरून मुलांना सांगता येईल. जी किड्याचे कवच खरवडते ती दाताचे आवरण थोडेच सोडणार आहे? कडुनिंबाचा पाला धान्यात घालतात, त्यातील कडू द्रव्यामुळे किडे खाणे सोडतात. पण पाला सावलीत पूर्ण वाळविलेला असावा. ओला पाला घालणे म्हणजे आपल्या हाताने धान्यात ओल भरणे होय. मिरच्या, लवंगा, हळकुंडे यांचा प्रभाव लहान झाकणबंद डब्यापुरता. कणगीत त्यांचा उपयोग नाही. बिब्बे मात्र मुलांच्या हाती लागतील अशा धान्यात ठेवू नयेत, त्यांच्या तेलाने अंगावर फोड उठतात.

सर्व युक्त्यांची राणी म्हणजे वैशाखातील ऊन. पातळ पसरलेले धान्य कडक उन्हात पन्नास अंशांपर्यंत तापले तर अळी व अंडीही टिकत नाहीत, आणि ओलावा उतरतो. तांदूळ सुमारे १४ टक्के व कडधान्ये त्याहून काहीशी कमी ओलाव्यापर्यंत सुकवावीत, असे जाणकार सांगतात. टक्के मोजण्याचे यंत्र आपल्यापाशी नाही, पण दाणा दाताखाली धरला असता दबला तर ओला आणि कट्‌कन तुटला तर वाळला, ही परीक्षा शेतकऱ्यास पुरेशी आहे. उन्हातून आणलेले धान्य गरम असताना डब्यात भरू नये. आत घाम धरतो आणि बुरशी येते.

बुरशीविषयी दोन शब्द कठोरपणे सांगावयास हवेत. किडलेले धान्य पाखडून, धुऊन खाता येते. बुरसटलेले धान्य व शेंगदाणे उन्हात टाकून, झटकून पुन्हा वापरण्याची युक्ती चुकीची आहे. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात, आणि ते नेहमीच्या शिजविण्याने नष्ट होत नाही. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या सीमेवरील आदिवासी खेड्यांत अवकाळी पावसाने बुरसटलेला मका खाल्ल्यामुळे शंभरावर माणसे यकृताच्या विकाराने मरण पावली. गरिबाने धान्य टाकून द्यावे असे सांगताना जीभ अडखळते, हे मी जाणतो. म्हणूनच ते बुरसण्यापूर्वीची काळजी अधिक महत्त्वाची.

बाजारातून विकत आणलेल्या युक्त्या ह्या सर्वांहून घातक आहेत. तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. ती पोटात जाण्याची वस्तू नव्हे, आणि लहान मुलांना तिचा अपाय अधिक. पाऱ्याच्या म्हणून ज्या टिकड्या विकतात त्यांच्याबद्दलही तेच. परंतु सर्वांत भयंकर म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या. ओलसर हवा लागताच त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका जेथे मुले अंथरुणावर झोपलेली असतात तेथे. त्यावर उतारा नाही. मोठ्या बंदिस्त गोदामांसाठी व प्रशिक्षित माणसांच्या हातांसाठी असलेली ही वस्तू दुकानदाराच्या पुडीतून घरात येते, आणि एकाच खोलीत धान्यही व बिछानाही असलेल्या कुटुंबाची बातमी वर्तमानपत्रात वाचावयास मिळते. धान्याच्या खोलीत लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास आला तर दारे-खिडक्या उघडून सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे व दवाखाना गाठावा.

आता हे सर्व आपल्या शाळेच्या उंबऱ्याच्या आत आणू. शालेय पोषण आहाराचा तांदूळ, डाळ व तेल आपल्या ताब्यात असते. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन या गावी शाळेतील दुपारचे जेवण जेवून २३ मुले मृत्यू पावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे शेतीचे कीटकनाशक मिसळलेले होते. हे तेल पूर्वी कीटकनाशक असलेल्या डब्यात ठेवले गेल्याचे तपासात पुढे आले. तेल निराळे वाटते अशी शंका स्वयंपाकिणीने बोलून दाखविली होती, असे त्या वेळच्या वृत्तांत नमूद आहे. रिकामा डबा धुऊन वापरणे ही आपल्या घरोघरची काटकसरीची युक्ती, आणि एरवी ती स्तुत्यच आहे. पण कीटकनाशक, तणनाशक, फवारणीचे औषध यांचा डबा कितीही वेळा धुतला तरी तो अन्नाला चालत नाही. तो भोके पाडून निकामी करावा, म्हणजे कोणी उचलून नेणार नाही. वाढण्यापूर्वी शिक्षकाने चव घेऊन नोंद करावयाची असते. ही नोंद पुष्कळ ठिकाणी आठवड्याची एकदम लिहिलेली दिसते. वर दिलेली २३ ही संख्या ध्यानात असली म्हणजे तसे होणार नाही. स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी ‘वास वेगळा येतो’ म्हटले तर त्या दिवशीचे जेवण थांबविण्याचे धैर्य मुख्याध्यापकाने दाखवावे, वरिष्ठ त्यासाठी जाब विचारणार नाहीत.

शाळेतील पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून ठेवावीत. आधी आलेले धान्य आधी वापरावे, व त्यासाठी पोत्यावर खडूने तारीख घालावी. सरकारी धान्यात कोणतीही पावडर वा गोळी घालू नये.

स्वच्छतेच्या साहित्याविषयी एकच सूचना. शौचालय धुताना ब्लीचिंग पावडर आणि फरशी उजळविण्याचे ॲसिड एकत्र टाकले की अधिक स्वच्छता होते, असा समज आहे. त्या मिश्रणातून क्लोरीन वायू सुटतो व बंद जागेत तो फुप्फुसांवर घाला घालतो. एका दिवशी एकच वस्तू वापरावी, भरपूर पाणी ओतावे, आणि हे काम मुलांकडे कधीही देऊ नये. ॲसिड वा रॉकेल सरबताच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय तर घरीदारी सर्वत्र मोडावयास हवी. तहानलेले मूल बाटलीचा आकार पाहते, आतील द्रव नव्हे. भाजल्यावर तूप, हळद, दंतमंजन किंवा शाई लावण्याची चालही अशीच सोडून द्यावी. भाजलेल्या भागावर लगेच साधे गार पाणी वीस मिनिटे सोडीत राहणे, यापलीकडे घरी काही करू नये.

हा विषय वर्गात घेताना व्याख्यान देऊ नये. इयत्ता तिसरीपासून पुढच्या मुलांनी आपल्या आजीला, आईला विचारून प्रत्येकी एक युक्ती लिहून आणावी. वहीच्या पानावर तीन रकाने पाडावेत : युक्ती काय, कारण काय, कोठे लागू पडत नाही. दुसरा व तिसरा रकाना वर्गात सर्वांनी मिळून भरावा. जेथे भरता येणार नाही तेथे जागा मोकळी ठेवावी. जी युक्ती पडताळता येईल ती पडताळावी. चवळीचे तीन सारखे वाटे करावेत. एकाला एरंडेल चोळावे, एक राखेत ठेवावा, एक तसाच ठेवावा. तिन्ही बरण्यांना सारखेच फडके बांधून त्या जूनमध्ये फळीवर मांडाव्यात आणि दर शनिवारी भोके पडलेले दाणे मोजावेत. तिसरीतील मुलाला मोजणी येते, पाचवीतील मूल शेकडेवारी काढते, सातवीतील मूल त्याचा आलेख काढते. एकाच खोलीत इयत्ता अनेक असल्याचा असा फायदाही असतो. घातक युक्ती एखाद्या मुलाने लिहून आणली, तर वर्गात तिच्यावर हसू होऊ देऊ नये. त्याच संध्याकाळी त्या घरी जावे आणि चहा घेता घेता गोळ्यांची पुडी कोठे ठेवली आहे ते पाहावे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळा उघडण्याच्या तयारीला आपण जाल, त्याच वेळी आहाराच्या खोलीतील प्रत्येक डबा व पोते उघडून पाहावे, रिकाम्या डब्यांवर पूर्वी काय होते ते वाचावे, व ज्यावरील नाव पुसले गेले आहे तो डबा अन्नासाठी बाजूला काढावा. चवळीच्या बरण्यांची मोजणी ज्या शाळा पाठवतील, त्यांचे आकडे एकत्र करून पुढील अंकात छापता येतील. बरणीवर गावाचे नाव, तारीख व खोली ओलसर की कोरडी एवढे लिहिण्यास विसरू नये.